उघड्या वाफ्याची कैफियत

गेल्या पौषात तालुक्याच्या गावी भरलेल्या शेतकरी मेळाव्यात एका अभ्यासू वक्त्यांनी भाजीपाल्याच्या आणि फुलझाडांच्या रोपांविषयी जे विवेचन केले, ते बहुसंख्य श्रोत्यांना पटल्याचे टाळ्यांवरून दिसून आले; आणि मेळावा आटोपल्यावर मंडपाबाहेर ज्या चार मंडळींशी माझे बोलणे झाले, त्यांपैकी तिघांनी यंदापासून घरचे वाफे मोडून टाकण्याचा निश्चय बोलून दाखवला, म्हणून हा प्रतिवाद लिहिणे मला कर्तव्य वाटते. वक्त्यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की माघापासून वैशाखापर्यंतचे हवामान आता इतके बेभरवशाचे झाले आहे की त्या दिवसांत उघड्यावर रोप धरणे हा निव्वळ जुगार होय. सुज्ञ माणसाने शेडनेटच्या अथवा प्लास्टिकच्या छपराखाली ट्रेमध्ये वाढवलेले तयार रोप विकत आणावे, कारण ते एकसारखे असते, हमखास असते आणि त्यात शेतकऱ्याचा महिनाभराचा वेळ वाचतो. आणि एवढे असूनही जो घरच्या वाफ्याला चिकटून राहील, तो केवळ बापजाद्यांच्या सवयीचा गुलाम. गेली तीस वर्षे मी पुरंदर तालुक्यात टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू आणि गलांडा यांची रोपे उघड्या गादीवाफ्यावर करीत आलो आहे. तेव्हा हा आरोप माझ्यावरच ठेवला आहे असे समजून, वाफ्याच्या वतीने ही कैफियत सादर करतो.

हवामान बेभरवशाचे आहे हे कबूल करूनच मी आरंभ करतो, कारण मळा करणाऱ्या माणसाला ते नाकारता येणार नाही. माघाच्या पहाटे वाफ्यावर जाताना अंगावर घोंगडी घ्यावी लागते आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता त्याच वाफ्याच्या कोरड्या मातीला तळहात लावला तर चटका बसतो. फाल्गुनात आकाश आठ-आठ दिवस निरभ्र राहते. नवव्या दिवशी सकाळपासून मळभ येते, हवा कोंदटते, आणि उत्तरेकडून सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभांची समुद्रावरून आलेल्या बाष्पयुक्त हवेशी गाठ पडली की सायंकाळी बोराएवढ्या गारा पडतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्र या मुलखांवर जी गारपीट झाली, तिने काढणीला आलेला गहू, हरभरा, कांदा आणि द्राक्षांचे मळे यांची जी दैना केली, ती ज्यांनी पाहिली त्यांना ऋतूच्या लहरीविषयी कोणी व्याख्यान देण्याची गरज उरलेली नाही. परंतु पूर्वी ऋतू शहाण्यासारखा वागत असे आणि आता मात्र तो बिघडला आहे, असे जे चित्र वक्त्यांनी उभे केले, ते दप्तरी नोंदींशी जुळत नाही. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता आणि ३० एप्रिल १८९७ रोजी तो ४३.३ अंशांवर चढला होता. म्हणजे ज्या साडेतीन महिन्यांत आम्ही रोपे करतो, त्याच साडेतीन महिन्यांच्या दोन टोकांना एकाच शहराने चाळीस अंशांहून अधिक अंतर पाहिलेले आहे, आणि तेही शेडनेट हा शब्द या देशात कोणी उच्चारण्यापूर्वी. वळीव, गारपीट, मळभ, अवकाळी हे शब्द आमच्या भाषेत काल आलेले नाहीत. अलीकडे लहर वाढली असेल, मी ती वाढल्याचे अनुभवतोही; पण लहरी ऋतूत उघड्यावर रोप धरणे ही काही नवीन परिस्थिती नव्हे, आणि तिला तोंड देण्याची रीतही नव्याने शोधायची नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. टोमॅटोचे रोप पंचवीस-तीस दिवसांत लागवडीला येते, मिरची-वांग्याचे पाच-सहा आठवड्यांत. त्यानंतर ते पीक तीन, चार, मिरची असेल तर सहा महिनेही, उघड्या रानात उभे राहते. रोपाच्या आयुष्याचा पहिला महिना छपराखाली घालवला म्हणून पुढच्या महिन्यांवर कोणी छप्पर घालीत नाही. एकरभर रानावर ते घालणे सामान्य शेतकऱ्याच्या ऐपतीतले नव्हे. मग त्या पहिल्या महिन्यात रोपाला ऊन, वारा, थंडी यांपासून सर्वस्वी अलग ठेवून आपण नेमके काय साधले? रोपाची आणि ऋतूची भेट आपण लांबणीवर टाकली, आणि ती अशा दिवशी नेऊन ठेवली की ज्या दिवशी रोप उपटले गेले आहे, त्याची मुळे दुखावली आहेत, नवी माती त्याच्या ओळखीची नाही आणि आंबवणीच्या पाण्याखेरीज त्याला कशाचाही आधार नाही. वाफ्यातले सात-आठ दिवसांचे रोप एखाद्या गरम दुपारी माना टाकते तेव्हा त्याची मुळे जागच्या जागी असतात, संध्याकाळी झारीने पाणी दिले की ते सावरते. लागवडीच्या दिवशी मान टाकलेल्या रोपाला तशी सवड मिळतेच असे नाही. जो धोका हप्त्याहप्त्याने, सोसवेल अशा मात्रेने घेता आला असता, तो सारा एकाच दुपारी, सर्वांत नाजूक घडीला रोपावर येऊन आदळतो, आणि या व्यवहाराला वक्ते सुरक्षितता म्हणतात, हे मला मान्य नाही.

हे मी पुस्तकातून काढलेले नाही. सहा वर्षांपूर्वी घरात आजारपण असल्यामुळे मी वाफे वेळेवर करू शकलो नाही, आणि अर्ध्या एकराच्या टोमॅटोसाठी एका रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपे आणली. गाडीतून उतरवताना ती दिसायला फार सुंदर होती: वीतभर उंच, हिरवीगार, सगळी एका मापाची. जवळून पाहिल्यावर दोन पानांमधले अंतर मला जास्त वाटले, आणि देठ बोटांत धरला तर तो काडीसारखा कडक न लागता पाणीदार, मऊ लागला; पण हातात दुसरे काही नव्हते. संध्याकाळी लागवड केली, आंबवणी दिली. चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला, आणि तासाभरात सऱ्याच्या सऱ्या ओल्या फडक्यासारख्या वरंब्यावर लोळल्या. संध्याकाळी काही रोपे उठली. निम्मी उठली नाहीत. रानाच्या कडेला दोन सऱ्या मी घरच्या उशिरा केलेल्या एकुलत्या वाफ्यातील रोपांच्या लावल्या होत्या. ती रोपे बुटकी होती, त्यांच्या देठांवर थंडीने आलेली जांभळी झाक होती, पाने लहान आणि जाड होती. ती दाखवून कोणी रोपवाटिकेची जाहिरात केली नसती. त्या वाऱ्यात ती दुपारभर किंचित मलूल झाली आणि दिवेलागणीला ताठ उभी होती. उरलेल्या रानात नांग्या भरण्यात माझा पंधरवडा गेला आणि पीक दोन वयांचे झाले. त्या रोपवाटिकेला मी दोष देत नाही, कारण गिऱ्हाईक जे पाहून पैसे देते ते तिने पुरवले. गिऱ्हाईकाला काय पाहायचे हे कळेनासे झाले आहे, हे माझे दुःख आहे.

एका प्रसंगावरून सिद्धांत काढू नये, हे मी जाणतो. म्हणून कारण सांगतो. सावलीत वाढणारे रोप प्रकाशाच्या शोधात उंच होते. त्याची उंची ही त्याच्या भुकेची खूण असते, आणि आपण तिला आरोग्य समजतो. पानाच्या पाठीवर बाष्प अडवणारा जो मेणासारखा पातळ थर असतो, तो कोरड्या हवेत आणि उन्हात जाड होतो, दमट आणि निवाऱ्याच्या जागी तो पातळ राहतो. त्यामुळे छपराखालचे पान उघड्यावर आले की त्यातले पाणी मुळांनी पुरवण्याआधीच उडून जाते. वाऱ्याचे काम तर याहून आश्चर्यकारक आहे. वनस्पतीला वारंवार हलवले, स्पर्श केला, वाकवले, तर तिची वाढ आखूड आणि जाड होते, हे एम. जे. जाफे या शास्त्रज्ञाने १९७३ साली प्रयोगाने मांडले आणि त्या घटनेला शास्त्रीय नावही दिले. ज्या वाऱ्यापासून रोपाला वाचवावे म्हणून आपण चारी बाजूंनी जाळी ताणतो, तोच वारा दिवसभर रोपाचा देठ हलवून हलवून त्याला लागवडीच्या दिवसासाठी तयार करीत असतो.

यावर वक्त्यांच्या पक्षाकडून असे उत्तर येईल, आणि मेळाव्यात एका श्रोत्याच्या प्रश्नावर ते आलेही, की चांगली रोपवाटिका रोपे देण्यापूर्वी आठवडाभर पाणी तोडते आणि ती उन्हात काढून ठेवते. हे खरे आहे, आणि जी रोपवाटिका असे करते तिचा मी आदर करतो. पण या उत्तराने त्यांनी आपला खटला माझ्या हवाली केला. छपराखालचे रोप उघड्यावर आणल्यावाचून ते रानात टिकत नाही, ही गोष्ट त्यांना मान्य आहे. वाद फक्त मुदतीचा उरला. ते म्हणतात शेवटचे सात दिवस, मी म्हणतो उगवल्या दिवसापासून. उघडी हवा जर सात दिवसांची औषधी असेल, तर पंचवीस दिवस तिला विष मानण्याचे कारण काय, याचे उत्तर मला त्यांच्या विवेचनात सापडले नाही.

उघडा वाफा म्हणजे बेवारस वाफा, अशी जी समजूत या सगळ्या युक्तिवादाच्या तळाशी आहे, तिची रुजुवात आता केली पाहिजे. गादीवाफा साधारण तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभरापेक्षा थोडा कमी उंच असतो. त्यावर आडव्या रेघा दहा-दहा सेंटिमीटरवर ओढल्या तर तीस होतात. प्रत्येक रेघेत दोन सेंटिमीटरला एक रोप राखले तर पन्नास. म्हणजे एका वाफ्यात दीड हजार. तीन फूट बाय एक फूट अंतराने लावायच्या एकरभर टोमॅटोला पंधरा हजारांच्या आत-बाहेर रोपे लागतात. दहा वाफे झाले. दहा वाफ्यांची जागा तीस चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्साही नव्हे! एकरभर पिकाचे सगळे भवितव्य महिनाभर एवढ्याशा जागेत मावलेले असते, आणि एवढ्या जागेवर आभाळ फिरले तर दोन माणसांना दहा मिनिटांत पांघरूण घालता येते. बांबूच्या कामट्यांच्या कमानी वाफ्यावर आधीच रोवून ठेवाव्यात. बांधावर तट्टे, गोणपाट, तुराट्यांचे ताटवे, उसाचे पाचट, जे असेल ते रचून ठेवावे. गाराच येणार असे दिसले तर कमानीवर तट्टे आणि तट्ट्यांवर कडब्याच्या पेंढ्या. एकदा लागवड पसरली की गारेपुढे मोठा बागाईतदारही हतबल होतो. रोपाचा महिना हा पिकाच्या आयुष्यातला असा एकच काळ आहे की ज्यात माणसाला आभाळाशी हाताने झुंजता येते. आणि गारांच्या जोरदार माऱ्यात शेडनेटही फाटते, त्याचे खांबही कलतात, हे मेळाव्यातल्या भाषणात सांगायचे राहून गेले.

पांघरूण घालण्यापेक्षा ते काढणे अवघड असते. ते मी शिकलो ती रात्र सांगतो. नवशिका असताना एका फाल्गुनात मिरचीचे वाफे उगवून दहाएक दिवस झाले होते, आणि सायंकाळी थेंब सुरू झाले म्हणून मी त्यांवर प्लास्टिकचा कागद टाकला. रात्री पाऊस थांबला. दुसऱ्या दिवशी मळभ होते, पुन्हा पाऊस येईल या भीतीने कागद तसाच ठेवला, तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मळ्यातले वृद्ध माळी, ज्यांना सगळी वस्ती अण्णा म्हणत असे, बांधावरून जाताना थांबले आणि म्हणाले, "मास्तर, कागद आधी काढा, रोपं गुदमरल्यात." मी कागद काढला. त्याच्या आतल्या बाजूला घामासारखे थेंब लटकत होते. वाफ्याच्या मध्यभागी ताटाएवढ्या दोन जागी रोपे आडवी झाली होती, आणि त्यांतले एक उचलून पाहिले तर पाने हिरवी, टवटवीत, पण मातीच्या पातळीवर देठ उकडल्यासारखा, केसाएवढा बारीक झालेला. ती मर होती; पिथियमसारख्या जमिनीतल्या बुरशीचे काम. तिला दाटी, ओल आणि कोंडलेली हवा हवी असते, आणि मी तिन्ही पुरवल्या होत्या. अण्णांनी आडव्या रोपांसकट तेवढी माती पत्र्याने खरवडून लांब टाकायला लावली, भोवती बोर्डो मिश्रण ओतायला सांगितले, आणि उरलेल्या वाफ्यात दोन रोपांमधले एक उपटायला लावले. ती उपटलेली निरोगी रोपे हातात घेऊन मी हळहळलो, तर ते म्हणाले, "वारा जाऊ द्या मधनं. पाणी सकाळी द्या, रातीचं नको." पुढे आठ दिवसांत मर वाढली नाही. पावसाने मेलेली रोपे मी त्यानंतरही पाहिली. पण माझ्या वाफ्यात पावसापेक्षा पावसाच्या भीतीने अधिक रोपे मेलेली आहेत, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

वळिवाच्या सरीनंतर काय करावे, हेही याच ओघात सांगून टाकतो. काळ्या जमिनीच्या मातीवर जोराचे थेंब पडले आणि मागून ऊन आले की पृष्ठभागावर पोपडा धरतो, आणि त्याखाली उगवू पाहणारा मोड वाकून अडकतो. खुरप्याच्या टोकाने पोपडा हलकेच उचकटावा, किंवा झारीने तो ओला राखावा. चार पानांच्या रोपांवर चिखल उडाला असेल तर ऊन चढण्यापूर्वी स्वच्छ पाण्याची झारी फिरवावी. वाळलेले, कुजलेले शेणखत बारीक चाळून बियाण्यावर त्याचाच थर दिला असेल तर पोपडा फारसा धरतच नाही. एवढीच ती विद्या आहे.

वक्त्यांनी तपमानाचे आकडे पुष्कळ दिले. त्या आकड्यांविषयी एक हरकत नोंदवणे भाग आहे. हवामानखात्याचा पारा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत टांगलेला असतो. माझे रोप जमिनीपासून चार बोटे उंच असते. या दोन जागांचे हवामान एक नव्हे, ही गोष्ट पुण्यातल्याच संशोधनाने जगाच्या ध्यानात आणून दिली आहे. १९३२ साली हवामानखात्याने पुण्यात कृषिहवामानशास्त्राची शाखा उघडली आणि ती डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे सोपवली. शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवरची सर्वांत थंड हवा मातीला चिकटून नसते, तर मातीपासून थोड्या उंचीवर असते, असे त्यांनी आणि आत्मनाथन यांनी त्याच सुमारास दाखवले, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी प्रथम त्यावर विश्वास ठेवला नाही. दिवसभर तापलेली माती रात्री आपली ऊब सोडीत असते, आणि चार बोटांचे रोप त्या उबेच्या कुशीत असते. म्हणूनच थंडीच्या लाटेत सायंकाळी वाफ्याला हलके पाणी देण्याची जुनी रीत आहे: ओली माती ऊब अधिक साठवते आणि सावकाश सोडते. (रात्री पाणी नको आणि थंडीत सायंकाळी द्या, यात विरोध वाटेल, म्हणूनच मी हलके म्हटले, आणि लाट असेल तेवढ्याच दिवशी.) उलट चैत्राच्या दुपारी हवेचा पारा अडतीस दाखवीत असतो तेव्हा वाफ्याच्या कोरड्या मातीचा पृष्ठभाग पन्नासच्या पुढे गेलेला असतो, आणि कोवळा देठ भाजतो तो त्या मातीच्या कडेला. तेथे उपाय छपराचा नव्हे, ओळींमध्ये पातळ पाचट अंथरण्याचा, आणि अकरा ते चार या वेळेत तुराट्यांच्या विरळ सावलीचा. पानमळ्यांत शेवरी आणि हळदीत एरंड लावून आमच्या लोकांनी हीच हलती, विरळ सावली पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. सूर्य सरकला की ती सरकते, आणि रोपाला दिवसातून काही काळ पूर्ण ऊन मिळतेच.

दोन गोष्टी मी विनाअट मान्य करतो, कारण त्या नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली पांढऱ्या माशीची. टोमॅटोचा पर्णगुच्छ आणि मिरचीचा बोकड्या हे विषाणूंचे रोग उन्हाळ्याच्या तोंडाला रोपावस्थेतच शिरले तर पुढे कोणतीही फवारणी उपयोगी पडत नाही, आणि ही माशी अडवायला बारीक विणीची नायलॉनची जाळी लागते. ती मी वापरतो. पण ती कमानींवरून वाफ्यापुरती घालतो. ती माशी अडवते, बहुतेक प्रकाश आणि बराच वारा आत येऊ देते, आणि लागवडीच्या आधी आठवडाभर मी ती काढतो. दुसरी गोष्ट ट्रेची. संकरित बियाण्याच्या दहा ग्रॅमच्या पुडीला आज जे मोल पडते ते पाहता, अठ्ठ्याण्णव कप्प्यांच्या ट्रेमध्ये एकेक दाणा टाकणे हेच शहाणपणाचे आहे, आणि लागवडीच्या वेळी मुळे मातीसकट निघतात हा लाभही मोठा आहे. परंतु ट्रे आणि छप्पर ही दोन निराळी कलमे आहेत, ती वक्त्यांनी एकाच दस्तऐवजात घालून दोन्हींना एकदम मंजुरी मागितली. ट्रे उघड्यावर, बाकड्यावर ठेवता येतो. त्यातले कोकोपीट लवकर वाळते म्हणून चैत्रात दिवसातून दोनदा पाणी लागते, एवढीच त्याची तक्रार.

एकसारखेपणाविषयी मात्र मला थोडे तीव्र बोलावे लागेल. पंधरा हजार रोपे एका वयाची, एका उंचीची, एका दिवशी रानात गेली, म्हणजे त्या आठवड्यात जे आभाळातून उतरेल ते सगळ्या पंधरा हजारांना एकाच वयात गाठणार. ऋतू बेभरवशाचा आहे हे ज्यांचे पहिले विधान, त्यांनीच सगळी ठेव एका तारखेवर लावायला सांगावे, हे मला विसंगत वाटते. घरच्या वाफ्यावर मी बी तीन हप्त्यांत टाकतो, आठ-आठ दिवसांच्या अंतराने. पहिला हप्ता थंडीत सापडला तर रेंगाळतो. दुसरा त्याला गाठतो. तिसरा नांग्यांना लागतो किंवा शेजाऱ्याला जातो. विकत घेणाऱ्याला ही मुभा राहत नाही, कारण त्याने मागणी महिनाभर आधी नोंदवलेली असते आणि गाडी येईल त्या दिवशी, वाफसा असो वा नसो, वारा असो वा नसो, त्याला लागवड करावीच लागते. आणखी एक बाब मला गंभीर वाटते. गावातली शंभर घरे जेव्हा आपापले वाफे करतात, तेव्हा एकाचे बी खोटे निघाले, एकाकडे मर आली, तर नुकसान एकाचे होते आणि बाकीच्यांची उरलेली रोपे त्याला तारतात. ती शंभर घरे एका छपराखाली गेली की त्या छपराखाली शिरलेला रोग शंभर शिवारांत एकाच आठवड्यात वाटला जातो.

फुलांचे प्रकरण थोडे निराळे असले तरी न्याय तोच लागतो. झेंडूचे बी चार-पाच दिवसांत उगवते, आणि उघड्या उन्हात वाढलेल्या रोपाचा शेंडा खुडला की ते बुंध्यापासून फुटते. सावलीत लांबलेल्या रोपाला फुटवे उशिरा येतात आणि पहिल्याच वळिवात ते कळ्यांच्या भाराने आडवे होते. गलांड्याला तर इतके कोडकौतुक सोसतच नाही. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून उत्साहाने बिया आणणाऱ्या आणि त्या खिडकीच्या काचेआड, घराच्या आत रुजवणाऱ्या शहरी मंडळींनाही माझे हेच सांगणे आहे, की मोड दिसल्या दिवशी कुंडी गॅलरीत काढावी, पहिले चार दिवस दुपारची सावली द्यावी आणि पुढे वाऱ्याला तिचे काम करू द्यावे. थंडीची त्यांना वाटणारी भीती बहुतांशी अनाठायी आहे. कोवळ्या रोपांचा घात करणारे हिम पुण्यात सहसा पडत नाही. निफाडसारख्या ठिकाणी पारा अगदी खाली जातो, तेथे रात्रीपुरते पांघरूण हवे, सकाळी ते निघाले पाहिजे.

वेळ वाचतो, हे खरे आहे. तीस दिवस रोज दोनदा वाफ्यावर जावे लागते, आणि मधूनच रात्री उठावे लागते. परंतु त्या तीस दिवसांत शेतकरी जे पाहतो ते त्याला पुढे चार महिने पुरते: यंदाच्या बियाण्याची उगवण कशी आहे, मावा-फुलकिडे केव्हा आले, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, वारा कोणत्या वेळी फिरतो. जो हे पाहत नाही त्याला पिकाची पहिली ओळख लागवडीच्या दिवशी होते, आणि तोवर दुकानदाराने सांगितलेले औषध विकत घेण्यावाचून त्याला दुसरे काही सुचत नाही. वेळ वाचवून त्याने तो कोणाच्या हवाली केला, याचाही जमाखर्च मांडायला हवा.

शेवटचा आरोप सवयीच्या गुलामीचा. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरली. टोमॅटो तिच्या मागून आला. झेंडूही मूळचा अमेरिका खंडातला. यांपैकी एकाचेही रोप कसे करावे हे आमच्या पूर्वजांना कोणत्याही पोथीने सांगितलेले नव्हते. त्यांनी भाताच्या आवणाचा आणि वांग्याच्या रोपाचा आपला अनुभव या परक्या झाडांना लावून पाहिला, बिघडला तेथे बदलला, आणि कोल्हापूरकडे ज्याला तरवा म्हणतात तो प्रत्येक गावच्या मातीप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे वेगवेगळा टाकला. परकी वनस्पती घेऊन, तिला आपल्या आभाळाखाली उभी करून, तिच्याकडून आपल्या वाऱ्याची ओळख करून घेण्याचा हा चारशे वर्षांचा उद्योग आहे. नायलॉनची जाळी आली तेव्हा मी ती घेतली, ट्रे आला तेव्हा तोही घेतला. ज्याला प्लास्टिकचा कागद टाकण्याचीही घाई झाली होती त्या माणसावर नवे नाकारल्याचा आरोप टिकणार नाही.

मेळाव्यात भेटलेल्या त्या तिघांपैकी एकजण परवा मळ्यावर आले होते. त्यांनी वाफे मोडले आहेत, रोपांची मागणी नोंदवली आहे, पैसेही भरले आहेत. ते परत मिळणार नाहीत. मी त्यांना एवढेच सुचवले, की गाडी आली की ट्रे दोन दिवस बांधावर, लिंबाच्या विरळ सावलीत ठेवा, पुढचे तीन दिवस उन्हात, आणि मग सायंकाळी लावा. माझा तिसरा हप्ता सोमवारी टाकला आहे. त्यातली दीड हजार रोपे मी त्यांच्या नांग्यांसाठी राखून ठेवली आहेत.